सातवीचा व्हॉलीबॉल : शारीरिक शिक्षणाच्या तासांच्या प्रकल्प नोंदी, सातारा

२५ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीच्या तुकडीसाठी व्हॉलीबॉलचा घटक आजपासून हाती घेतला. तुकडीत ४२ मुले-मुली आहेत. सोमवार आणि गुरुवार असे आठवड्याला दोन तास मिळतात. तास ३५ मिनिटांचा असतो. त्यातून वर्गातून मैदानावर येणे, हजेरी आणि सुरुवातीचे व्यायाम वजा केले की चेंडूसाठी वीस-बावीस मिनिटे उरतात. पुढच्या वर्षी हा घटक जो कोणी शिकवेल त्याच्या हाती या नोंदी द्याव्यात असा हेतू आहे, म्हणून काय केले याबरोबर ते का केले हेही लिहीत जाईन.

आज मुद्दाम काहीही न शिकवता मोठ्या मैदानावर सहा-सहा जणांचे दोन संघ उभे केले, खेळायला सांगितले आणि बाजूला उभी राहून पाहिले. बहुतेक सर्व्हिस जाळीत अडकल्या किंवा मैदानाबाहेर गेल्या. जी पलीकडे पोहोचली तिचा चेंडू दोघांच्या मधोमध पडला आणि दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले. ज्यांना थोडेफार खेळता येते अशा तिघा-चौघांनी इतरांच्या जागेत शिरून चेंडू घेतले, बाहेर बसलेली तीस मुले गप्पांत रमली, आणि आत असलेल्या काही मुलींच्या हाताला तास संपेपर्यंत चेंडू लागला नाही.

पण माझे लक्ष हातांपेक्षा पायांकडे अधिक होते. चेंडू आपल्याकडे येतो आहे हे दिसत असूनही जवळजवळ प्रत्येक मूल जागेवरच उभे होते आणि शेवटच्या क्षणी कंबरेतून वाकून हात लांब करत होते. फुटबॉलमध्ये किंवा बास्केटबॉलमध्ये चेंडू हाती वा पायाशी आल्यावर पुढे काय करायचे हे ठरवायला क्षणभराची सवड मिळते. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरणे हाच दोष असल्यामुळे सगळा विचार चेंडू येण्यापूर्वीच संपलेला असावा लागतो. नवशिक्याला पहिल्याच दिवशी हात कसे जोडायचे हे शिकवले, तर तो चेंडूपर्यंत न पोहोचताच नीट जोडलेले हात पुढे करतो. म्हणून या घटकात आधी डोळे आणि पाय आणि त्यानंतर हात असा क्रम ठेवायचा आहे, आणि त्यासाठी सुरुवातीला चेंडू धरण्याची मुभा द्यायची आहे.

२८ नोव्हेंबर २०२४

आजचा तास मैदानाच्या आखणीत गेला आणि तो मुलांकडूनच करून घेतला. मोठे मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असते. त्यावर एका वेळी बारा जण खेळतात. या वयाच्या, नुकत्याच शिकू लागलेल्या मुलांसाठी ते फार मोठे आहे आणि ४२ जणांच्या तुकडीसाठी फार अपुरे आहे. म्हणून जाळी काढून ठेवली आणि २७ मीटर लांबीची नायलॉनची दोरी बांधून तिच्या दोन्ही अंगांना सहा लहान मैदाने आखली. प्रत्येकाच्या वाट्याला दोरीवर ४.५ मीटर येतात. त्यात शेजारच्या मैदानापासून अर्धा मीटर मोकळी पट्टी सोडली आणि दोरीच्या प्रत्येक बाजूला ४.५ मीटर खोली ठेवली. तीन विरुद्ध तीन असे सहा जण आणि सातवा निरीक्षक, असे सहा मैदानांवर ४२ जण नेमके मावतात.

दिशेचा विचार आधी करावा लागला. आपले मोठे मैदान रीतीप्रमाणे उत्तर-दक्षिण लांबीचे आहे. त्याच्या लांबीला धरून दोरी बांधली असती, तर निम्मी मुले पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली असती आणि हिवाळ्यातील सकाळचे कलते ऊन सरळ त्यांच्या डोळ्यांत गेले असते. वर पाहून चेंडू ओळखायला शिकवायचे आणि वर पाहता येणार नाही अशी जागा द्यायची, हे चालणार नाही. म्हणून दोरी कडुनिंबापासून कुंपणाच्या खांबापर्यंत पूर्व-पश्चिम बांधली.

एवढ्या लांब दोरीला मध्ये झोळ येतो. त्यासाठी रंगाच्या रिकाम्या डब्यांत काँक्रीट भरून बसवलेले दोन बांबू मोकळ्या पट्ट्यांत उभे केले आणि डब्यांना व बांबूंना गोणपाट गुंडाळले. दोरी लांबून दिसावी म्हणून तिला जुन्या कापडाच्या रंगीत पट्ट्या बांधल्या. मुरमावरचे बारीक खडे वेचले, फक्कीने रेघा मारल्या. दोरीची उंची दोन मीटरच्या आसपास आहे. तुकडीतल्या मध्यम उंचीच्या मुलीने टाच न उचलता हात वर केल्यावर तिची बोटे दोरीला लागतात. पुरुषांच्या खुल्या गटात जाळी २.४३ मीटरवर आणि महिलांच्या गटात २.२४ मीटरवर असते, हे सांगितल्यावर बऱ्याच जणांनी त्या उंचीला हात लावून पाहण्याचा प्रयत्न केला.

२ डिसेंबर २०२४

पहिला खेळ : धरा आणि टाका. चेंडू दोरीपलीकडून आला की तो दोन्ही हातांनी कपाळासमोर धरायचा, धरल्यावर एकही पाऊल टाकायचे नाही, आणि तिथूनच दोन्ही हातांनी डोक्यावरून सोबत्याकडे किंवा पलीकडे टाकायचा. छातीशी किंवा पोटाशी धरलेला चेंडू चुकीचा धरायचा. नियम एवढेच.

पाऊल न टाकण्याच्या नियमाचा परिणाम पहिल्या दहा मिनिटांतच दिसला. चेंडू धरून मग दोरीकडे धावण्याची सोय नसल्यामुळे, चेंडू हवेत असतानाच मुले त्याच्याखाली जाऊन उभी राहू लागली. कपाळासमोर धरायचा म्हणजे चेंडूच्या मागे आणि खाली पोहोचावेच लागते. हात लांबवून काम भागत नाही. पाय हलवा असे ओरडून सांगण्याची गरज मला आज फारशी पडली नाही, कारण ते काम नियमच करत होता.

निरीक्षकाने प्रत्येक खेळाडूसाठी एकच गोष्ट टिपायची होती : चेंडू हाताला लागला तेव्हा पाय थांबलेले होते की धावत होते. थांबलेले असतील तर उभी रेघ, नसतील तर फुली. हे काम त्यांनी इतक्या गंभीरपणे केले की एका मैदानावर रेघ की फुली यावरून वाद झाला आणि तो सोडवण्यासाठी संपूर्ण गटाने ती चाल पुन्हा करून पाहिली. पाहणारा मोकळा बसलेला नाही, तोही शिकतो आहे, हे या तासाचे खरे फलित आहे असे मला वाटते.

५ डिसेंबर २०२४

धरा आणि टाका पुढे चालू ठेवला. आजची नोंद चेंडूविषयी.

शाळेकडे नियमाप्रमाणेचे दोन चेंडू आहेत आणि पालकांच्या मदतीतून हलके रबरी चेंडू घेतले आहेत. नियमाप्रमाणे चेंडूचा परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर, वजन २६० ते २८० ग्रॅम आणि आतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलोग्रॅम असतो. प्रत्यक्षात शाळांमधून चेंडू दगडासारखा होईपर्यंत पंप मारला जातो. असा चेंडू कोवळ्या मनगटावर आदळला की लाल वळ उठतो आणि त्या दिवसापासून ते मूल चेंडू येताना डोळे मिटू लागते. मिटलेल्या डोळ्यांना काहीच शिकवता येत नाही. म्हणून मोठ्या चेंडूंतील हवा थोडी कमी केली आणि सध्या ते बाजूला ठेवले. सकाळी गवतावर दव असते. भिजलेला चेंडू जड होतो, तेव्हा गवतात गेलेला प्रत्येक चेंडू पुसून घेण्यासाठी मैदानागणिक एक फडके दिले.

हलक्या चेंडूने खेळणे म्हणजे खोटा व्हॉलीबॉल, अशी तक्रार एका मुलाने केली. त्याला आणि सगळ्यांनाच या खेळाची सुरुवात सांगितली. १८९५ मध्ये अमेरिकेतील होलिओक येथे विल्यम मॉर्गन या वाय.एम.सी.ए. (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) संस्थेच्या शारीरिक शिक्षण संचालकाने हा खेळ तयार केला. बास्केटबॉल चार वर्षांपूर्वीच सुरू झाला होता, पण मॉर्गनकडे येणाऱ्या मध्यमवयीन माणसांना तो दमवणारा वाटत होता. त्याने बास्केटबॉलचा आतला फुगा वापरून पाहिला तर तो फार हलका आणि संथ ठरला, बास्केटबॉलच घेतला तर तो फार जड ठरला. शेवटी स्पॉल्डिंग कंपनीकडून वेगळा चेंडू बनवून घेतला. खेळणाऱ्यांकडे पाहून चेंडू निवडण्याची रीत या खेळाच्या जन्मापासूनची आहे. मॉर्गनने जाळी ६ फूट ६ इंचांवर, म्हणजे १.९८ मीटरवर बांधली होती, हे ऐकल्यावर तक्रार करणाऱ्या मुलाने टेप आणून आमची दोरी मोजली.

९ डिसेंबर २०२४

ओव्हरहँड पासला सुरुवात. आपल्याकडे सहसा अंडरहँड, म्हणजे जोडलेल्या हातांनी खालून करायचा पास आधी शिकवतात. मी क्रम उलटा ठेवला आहे, कारण धरा आणि टाका खेळात मुले ज्या जागी आणि ज्या स्थितीत चेंडू धरत होती, तीच ओव्हरहँड पासची स्थिती आहे. कपाळाच्या किंचित वर आणि पुढे हात, कोपरे वाकलेली, बोटे चेंडूच्या गोलाईप्रमाणे पसरलेली, दोन्ही अंगठे आणि तर्जन्यांच्या मधे त्रिकोणी खिडकी, आणि त्या खिडकीतून दिसणारा चेंडू. फरक इतकाच की आता चेंडू थांबवायचा नाही; बोटांनी झेलतानाच त्याला परत वर पाठवायचा, आणि गुडघे व कोपरे एकाच वेळी सरळ करायची.

पायऱ्या अशा केल्या. प्रथम सोबत्याने टाकलेला चेंडू धरायचा आणि तसेच गोठून उभे राहायचे; निरीक्षक खिडकी तपासतो. नंतर धरण्याचा काळ कमी करत न्यायचा. त्यानंतर धरायचा नाहीच. ज्यांचा चेंडू तळव्यावर आपटून फट् असा आवाज करत होता, त्यांना चेंडू जमिनीवर ठेवून फक्त बोटांच्या पेरांनी वरून उचलायला लावले, म्हणजे तळवा आणि चेंडू यांत मोकळी जागा राहते हे कळते.

नखे कापलेली हवीत, बांगड्या, घड्याळे आणि मनगटावरचे दोरे तासापुरते काढून ठेवायचे, हे मागच्याच आठवड्यात सांगितले होते. तरीही बोट दुखावण्याची भीती आहे, विशेषतः मुलींमध्ये. बोट दुखावते ते चेंडू बोटाच्या टोकावर सरळ आदळला तर. बोटे गोलाकार आणि चेंडूच्या मागे असली तर तो पेरांवर बसतो. हे एकेकीच्या हातावर चेंडू ठेवून दाखवले. हलक्या चेंडूचा येथे मोठा आधार झाला.

१२ डिसेंबर २०२४

ओव्हरहँडचाच सराव, तिघांच्या त्रिकोणात. चेंडू ज्याच्याकडून येतो त्याच्याकडे परत न पाठवता तिसऱ्याकडे पाठवायचा, त्यामुळे पास करण्यापूर्वी शरीर वळवावे लागते. पाय न वळवता केवळ हात वळवणाऱ्यांचे चेंडू तिरपे जात आहेत. सरावाला अजून वेळ लागेल. घाई करत नाही.

१६ डिसेंबर २०२४

अंडरहँड पास. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांवर ठेवायची, अंगठे शेजारी समांतर, मनगटे खाली वाकवलेली, कोपरे सरळ. चेंडू मनगटाच्या वर, कोपराच्या खाली असलेल्या सपाट भागावर घ्यायचा. गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, एक पाय किंचित पुढे. खाली बसण्याची ही ठेवण समजावताना कबड्डीत चढाईपटूला सामोरे जाताना कसे उभे राहता, एवढे विचारले आणि संपूर्ण तुकडी एका क्षणात बरोबर बसली. गावोगाव कबड्डी खेळलेल्या मुलांजवळ हे भांडवल तयारच असते, ते वापरले पाहिजे.

मुख्य अडचण हात झोकण्याची आहे. आपल्या भागात शूटिंग व्हॉलीबॉल आवडीने खेळतात. मुलांचे थोरले भाऊ, काका संध्याकाळी तो खेळतात आणि मुले मैदानाच्या कडेला बसून पाहतात. जोडलेल्या हातांनी चेंडू पूर्ण ताकदीने पलीकडे मारणे हे त्या खेळाचे बलस्थान आहे आणि त्यातील उत्तम खेळाडूंचे कौशल्य पाहण्यासारखे असते. पण मुलांनी तीच हालचाल येथे आणली की चेंडू खांद्यावरून मागे जातो किंवा थेट कडुनिंबात अडकतो. तुमचे काका चुकीचे खेळतात असे सांगणे अन्यायाचे होते आणि खरेही नव्हते, म्हणून दोन खेळांची गरज वेगळी आहे हे समजावले : तिथे पहिल्याच फटक्यात चेंडू पलीकडे धाडण्यात शौर्य आहे, येथे पहिला स्पर्श आपल्याच सोबत्यासाठी असतो आणि तो त्याला सहज घेता यावा इतका मऊ असावा लागतो.

उपाय म्हणून मुलांना बाकाच्या कडेवर बसवले, हात जोडून पुढे धरायला सांगितले, आणि सोबत्याने हळू टाकलेला चेंडू फक्त उठून उभे राहत परत पाठवायला लावला. हात खांद्याच्या वर गेले तर तो पास बाद. शक्ती मांड्यांतून येते आणि हात केवळ दिशा देतात, हे वाक्य सांगून कळत नाही. बाकावरून चार वेळा उठल्यावर कळते. वेगाने आलेल्या चेंडूला तर पायांची शक्तीही द्यावी लागत नाही, हातांचा उतार बरोबर धरला की तो आपणच उडतो. काहींनी आज हा उतार स्वतः शोधला आणि हात जास्त आडवे धरले तर चेंडू उंच जातो, खाली उतरते धरले तर पुढे जातो, असे मला येऊन सांगितले.

१९ डिसेंबर २०२४

एका टप्प्यानंतर चेंडू घेण्याची मुभा दिली तर नवशिक्यांना वेळ मिळतो, म्हणून तो नियम करून पाहिला. आपल्या मुरमाच्या मैदानावर तो उपयोगाचा नाही; चेंडू खड्यावरून भलतीकडे उडतो आणि मुले चेंडू पडण्याची वाट पाहत पुन्हा उभी राहू लागतात. सिमेंटच्या मैदानावर कदाचित चालेल. येथे तो नियम काढून टाकला आणि वेळ देण्यासाठी पुन्हा धरण्याचाच मार्ग ठेवला.

२३ डिसेंबर २०२४

आवाजासाठी पूर्ण तास दिला. पास बऱ्यापैकी जमू लागल्यावर एक वेगळीच गोष्ट उघडी पडली : दोघांच्या मधला चेंडू अजूनही जमिनीवरच पडतो. दोघांनाही तो घेता आला असता, पण दोघेही तू घे या भावनेने थांबतात, किंवा एकही शब्द न बोलता दोघे एकदम धावतात आणि डोकी आपटतात.

नियम असा केला की चेंडू दोरी ओलांडण्यापूर्वी कोणीतरी “माझा!” असे मोठ्याने म्हणायचे, आणि ज्याने म्हटले त्याच्याशिवाय कोणी चेंडूला हात लावला तर गुण समोरच्यांना. कोणीच म्हटले नाही तर चेंडू कितीही छान घेतला तरी गुण समोरच्यांनाच. पहिल्या काही मिनिटांत मुलांचे ओरडणे मैदानभर झाले आणि मुली मात्र ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिल्या. एका मुलीने बाजूला येऊन विचारले, “मॅडम, मनात म्हटलं तर चालेल का?” तिला सांगितले, “मनातलं तुझ्या सोबतिणीला कसं ऐकू येईल गं?” ती हसली आणि परत गेली. मैदानावर मुलींना मोठ्याने बोलण्याची सवय कोणी लावलेली नसते, उलट हळू बोल असेच त्यांनी घरीदारी ऐकलेले असते. व्हॉलीबॉल या बाबतीत त्यांच्या बाजूचा खेळ आहे, कारण येथे मोठ्याने बोलणे हे कौशल्यच आहे. तास संपताना तिचाही “माझा!” शेजारच्या मैदानापर्यंत जात होता.

या सरावाचा दुसरा लाभ असा की दोरी ओलांडण्यापूर्वी हाक द्यायची असेल, तर समोरचा खेळाडू चेंडू मारत असतानाच त्याची दिशा ओळखावी लागते. डोळे आता दोरीपलीकडे पोहोचू लागले आहेत. अंदाज चुकला तरी चालेल, पण तो लवकर करायचा, असे सांगितले.

२६ डिसेंबर २०२४

मैदानावर स्नेहसंमेलनाचा मांडव पडला आहे. तास सभागृहात घेतला आणि बसून खेळण्याचा व्हॉलीबॉल शिकवला. हा दिव्यांग खेळाडूंचा खेळ १९८० पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. त्याचे मैदान १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असते आणि जाळी पुरुषांसाठी १.१५ मीटर तर महिलांसाठी १.०५ मीटर उंच असते. चेंडू खेळताना बैठक जमिनीवरून उठलेली चालत नाही. फरशीवर हाताने रेटा देत सरकायचे आणि चेंडू येण्यापूर्वी हात मोकळे करायचे.

दिवाळीच्या सुट्टीत पायाचे हाड मोडलेला एक मुलगा आतापर्यंत प्रत्येक तासाला निरीक्षकाचेच काम करत होता. पायाचे प्लॅस्टर निघाले असले तरी धावण्याची परवानगी अजून नाही. बसून चेंडू खेळण्यास घरच्यांची आणि डॉक्टरांची हरकत नव्हती. तो आज प्रथमच खेळला आणि इतरांपेक्षा चांगला खेळला. त्याचे हात काही विशेष तयार नाहीत, पण चेंडू कुठे येणार हे त्याला सर्वांआधी कळत होते आणि तो तिथे आधीच सरकलेला असायचा. आठवड्यांमागून आठवडे रेघा आणि फुल्या टिपताना त्याच्या डोळ्यांची जी तयारी झाली होती ती आज दिसली. निरीक्षकाची पाळी प्रत्येकाला मिळालीच पाहिजे, ती कोणाची सोय म्हणून ठेवायची नाही, हे यापुढच्या नियोजनात पक्के करते.

२ जानेवारी २०२५

सर्व्हिस. फक्त खालून, म्हणजे अंडरहँड. उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा पाय पुढे, डाव्या हातावर कमरेखाली चेंडू, उजवा हात मागून लंबकासारखा येतो आणि तळव्याच्या मनगटाकडील कडक भागाने चेंडूला मागून व खालून मारतो. नियमानुसार चेंडू मारण्यापूर्वी हातातून सुटलेला असावा लागतो, म्हणून आधार देणारा हात ऐन वेळी खाली काढण्याचा सराव वेगळा करून घेतला. मारताना पाय मागच्या रेघेला लागता कामा नये. शिट्टी झाल्यापासून ८ सेकंदांत सर्व्हिस करायची असते. सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे गेला तरी आताच्या नियमांनुसार खेळ चालू राहतो.

सुरुवात दोरीपासून तीन मीटरवरून केली आणि लागोपाठ यश आले की प्रत्येकाने स्वतःहून एक पाऊल मागे जायचे ठरवले. कोणी किती मागे जायचे याची सक्ती नाही. वरून मारायची सर्व्हिस दोन मुलांना येते. त्यांनी ती वर्गातील खेळात वापरू नये असे सांगितले, कारण त्यांच्या एका सर्व्हिसने समोरच्या तिघांचा खेळ सुरू होण्यापूर्वीच संपतो. त्यांना ते पटायला वेळ लागला. त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीत मोठी जाळी लावून देण्याचे कबूल केले आहे.

६ जानेवारी २०२५

आज सगळे धागे एकत्र आणले. खेळ असा : सर्व्हिस खालून, पहिला स्पर्श पास, दुसरा स्पर्श करणारा बूस्टर चेंडू क्षणभर धरू शकतो आणि सोबत्याला उंच टाकून देतो, तिसऱ्या स्पर्शाने चेंडू पलीकडे. प्रत्येक चढाओढीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू पडेपर्यंतच्या खेळाला गुण आहेच, पण तिन्ही स्पर्श वापरून चेंडू पलीकडे नेला आणि गुण मिळाला तर तो दुप्पट धरायचा. सर्व्हिस आपल्याकडे आली की घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सर्वांनी एक जागा सरकायचे, त्यामुळे बूस्टरची जागा प्रत्येकाला मिळते.

दुसऱ्या स्पर्शाला धरण्याची मुभा ठेवल्यामुळे खेळ तुटत नाही. पहिला पास थोडा वाकडा गेला तरी बूस्टर धावत जाऊन तो सावरतो, आणि या धावण्यातच त्याचे शिक्षण आहे. ज्या गटांना धरण्याची गरज उरली नाही त्यांनी ती मुभा आपापसांत ठरवून सोडून दिली. तिसऱ्या आणि पाचव्या मैदानावर तास संपण्यापूर्वीच तसे झाले. इतरांनी सोडावी असा आग्रह मी धरला नाही.

९ जानेवारी २०२५

स्मॅश केव्हा शिकवणार, हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. उडी मारून मारायचा स्मॅश या घटकात घेणार नाही. दोरीजवळ उडी मारून खाली येताना समोरच्याच्या पायावर पाय पडून घोटा मुरगळण्याचा धोका असतो आणि दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरण्याची तयारी अजून झालेली नाही. शिवाय जिथे प्रत्येक चढाओढ पहिल्याच जोरदार फटक्याने संपते तिथे पास करायला शिकण्याची संधीच उरत नाही. उभ्यानेच, उघड्या तळव्याने मोकळ्या जागेत चेंडू टेकवायला परवानगी दिली. मोकळी जागा पाहण्यासाठी मान वर करावी लागते आणि सध्या तेवढे पुरेसे आहे.

१३ जानेवारी २०२५

मूल्यमापन. भिंतीवर एका मिनिटात किती पास करता येतात ही चाचणी सोपी असते, पण भिंतीकडून येणारा चेंडू कुठे येणार हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे आपल्याला जे शिकवायचे होते ते तिच्यात मोजलेच जात नाही. म्हणून खेळ चालू असतानाच प्रत्येकाचे निरीक्षण केले. चार गोष्टी पाहिल्या : चेंडू दोरीवर येण्यापूर्वी हालचाल सुरू झाली का, स्पर्शाच्या वेळी पाय थांबलेले होते का, हाक दिली का, आणि चेंडू सोबत्याला घेता येईल असा गेला का. हाताची ठेवण कितपत सुबक आहे याला स्वतंत्र गुण ठेवले नाहीत. सुरुवातीला चांगले खेळणाऱ्यांपैकी एका मुलाचे गुण त्यामुळे कमी आले, कारण तो अजूनही हाक न देता इतरांच्या जागेतले चेंडू घेतो. त्याच्याशी वेगळे बोलले. निरीक्षकांच्या जुन्या कागदांवर त्याच्या नावापुढच्या फुल्या त्याने स्वतः मोजल्या.

उद्या संक्रांत आहे. गुरुवारी शेवटचा तास.

१६ जानेवारी २०२५

सहा मैदानांवर तीन-तीनचे सामने झाले. प्रत्येक सामना १५ गुणांचा, पंच मुलांपैकीच. धरण्याची मुभा चार मैदानांवर उरली नव्हती, दोन मैदानांवर दुसऱ्या स्पर्शापुरती होती. ज्या मुलींच्या हाताला पहिल्या दिवशी चेंडू लागला नव्हता त्यांपैकी एक आज पंच होती आणि तिने दुहेरी स्पर्शाचे, म्हणजे एकाच खेळाडूचा चेंडूला लागोपाठ दोनदा हात लागल्याचे दोन निर्णय दिले. पहिल्या स्पर्शाला एकाच हालचालीत झालेला दुहेरी स्पर्श दोष धरत नाहीत, हेही तिने विरोध करणाऱ्या मुलाला बरोबर सांगितले.

पुढच्या वर्षी शिकवणाऱ्यासाठी राहिलेल्या गोष्टी लिहून ठेवते. वरून मारायची सर्व्हिस, ब्लॉक (समोरच्याचा फटका जाळीजवळ हात उंचावून अडवणे) आणि उडी मारून स्मॅश या आठवीत घ्याव्यात, आणि त्याआधी दोन पायांवर उतरण्याचा सराव महिनाभर सुरुवातीच्या व्यायामांत घालावा. दोरीऐवजी रुंद पट्टी मिळाली तर चेंडू वरून गेला की खालून, हा वाद मिटेल. अंडरहँड पासमध्ये हात झोकण्याची सवय सात-आठ मुलांची गेलेली नाही. त्यांना बाकावरचा सराव पुन्हा द्यावा. दोरी, कापडी पट्ट्या आणि बांबू क्रीडासाहित्याच्या खोलीत डाव्या कोपऱ्यात आहेत. काँक्रीटचे डबे दोघांनी मिळून उचलावेत. रबरी चेंडूंपैकी एकाच्या सुईच्या तोंडातून हवा जाते, तो दुरुस्तीला द्यायचा आहे.